या घरात कमी म्हणायचं नाही

मुरुम,
संक्रांतीनंतरचा सोमवार, जानेवारी १९४८

घरधन्यांना रुद्रम्माचा वाकून नमस्कार.

धुळाप्पा उद्या घोंगड्या विकायला सोलापूरला निघाला आहे. चिठ्ठी घोंगडीच्या घडीत घालून मावशीच्या घरी तुमच्या हातात देतो म्हणाला. निजामाच्या करोडगिरी नाक्यावरचे जकातीचे शिपाई घोंगडी उलगडतात खरी, पण वासानं लगेच पुन्हा गुंडाळायला लावतात म्हणे. तेव्हा कागदाला मेंढराचा वास आला तर मला नावं ठेवू नका.

आत्याबाई सुखरूप आहेत. हे वाक्य त्यांनी सांगितलं म्हणून लिहिलं. तुमच्या आईला अक्षर वाचता येत नाही, पण चिठ्ठी बंद करण्याआधी सगळी वाचून दाखवावी लागते. मी एखादी ओळ गाळली तर माझ्या श्वासावरून ओळखतात. म्हणून या चिठ्ठीत नवरा-बायकोचं काही सापडणार नाही, शोधू नका.

मागच्या चिठ्ठीत तुम्ही लिहिलंत, रडत बसू नको, माझ्या इंग्रजी पुस्तकातलं एकेक पान पाठ कर. पुस्तक उघडलं आणि पहिलंच पान निघालं 'कमी होणे' या अर्थाच्या शब्दांचं. फेड, वेन, ड्विंडल, सबसाइड, अबेट, टेपर, एब. एवढ्याशा कामाला एवढे शब्द! रंग उडत जातो तो फेड, वद्य पक्षातला चंद्र तो वेन, थोडं थोडं होत काहीच उरत नाही ते ड्विंडल. मला हसू आलं. आपल्या घरात यातला एकही चालणार नाही. आत्याबाईंच्या राज्यात दिवा विझवायचा नाही, वाढवायचा. बांगडी फुटत नाही, वाढते. तांदूळ संपले म्हटलं की वाटीनं डोक्यात टोला. तांदूळ 'वाढले' म्हणायचं. तुमचं सबंध पान त्यांना ऐकवलं तर मला माहेरी अक्कलकोटला पाठवतील.

आत्याबाईंची लिंगपूजा हल्ली फार लांबते. डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून त्याच्याकडं बघत बसतात ते ऊन अंगणात येईपर्यंत. शेजारच्या लक्ष्मम्मा रोज येऊन समोर हात जोडून बसतात. म्हणतात, "गिरिजाबाईंची समाधी लागाया लागली गं." गावभर झालंय.

अभ्यासाची वाक्यं इंग्रजीत लिहून पाठवते. द मून वेन्स. द आइज फेड्स. नीट तपासा.

तुमची शिष्या,
रुद्रम्मा


मुरुम,
शिवरात्रीचा दुसरा दिवस, मार्च १९४८

मास्तरांना शिष्येचा नमस्कार.

उत्तर मिळालं. तांबड्या शाईनं दुरुस्ती करून पाठवलीत. 'आइज हे अनेकवचन, फेड लिही, शेवटचं अक्षर काढून टाक.' काढलं हो. आणखी काही विचारावंसं वाटलं नाही का तुम्हाला? आइज कुणाचे, एवढं तरी? की बायकोनं उगाच कुठले तरी डोळे घेतले आणि वाक्य केलं?

इथवरचं वाचून दाखवताना मी भराभरा वाचलं. आत्याबाई म्हणाल्या, "भांडतीस काय त्याच्याशी?" मी म्हटलं, "अभ्यासाचं हाय."

काल मठात स्वामींनी चारचौघांत सांगितलं, लिंगावर दृष्टी अशी ठरायला जन्मजन्मांची पुण्याई लागते. बायका आत्याबाईंच्या पायाला लागल्या. आत्याबाईंनी पाय आत ओढून घेतले. घरी येताना माझा दंड असा घट्ट धरला की बोटांचे वळ उठले. दंड धरायचं कारण, मी पडेन म्हणून, असं त्यांनी लक्ष्मम्मांना सांगितलं.

मला एका जागी बसवत नाही. भाकरी थापताना उठते, दारापर्यंत जाऊन येते, तोवर तव्यावरची करपते. करपलेली भाकरीसुद्धा या घरात 'खरपूस' असते. बरं आहे.

पुन्हा वाक्यं पाठवते. द लाइट डिमिनिशेस. इट इज नॉट द लॅम्प. व्याकरण बघू नका, वाक्य बघा.

हात जोडून,
रुद्रम्मा


मुरुम,
बसवजयंती झाल्यावर, मे १९४८

ही चिठ्ठी मी वाचून दाखवणार नाही. धुळाप्पाला रस्त्यावरच गाठून देईन. शब्द मोडते आहे, महादेवाला नारळ कबूल केला आहे, बाकी तो बघून घेईल.

तुम्ही पुन्हा व्याकरणच बघितलंत. कमाल झाली तुमची. आता मराठीत लिहिते, डोळे उघडे ठेवून वाचा. तुमच्या आईला दिसेनासं होत चाललं आहे.

माझ्या कधी लक्षात आलं ते सांगते. पौषातली सकाळ होती. आत्याबाई लिंग घेऊन बसल्या होत्या, लक्ष्मम्मा समोर. आत्याबाईंनी शेवंतीचं फूल वाहिलं, ते गुडघ्यावर पडलं. दुसरं वाहिलं, तेही लुगड्यात. तिसरं उजव्या हातानं चाचपून ठेवलं. लक्ष्मम्मांना वाटलं, देहभान उरलं नाही. मी खांबाआडून बघत होते. ती समाधी नव्हती हो. पूर्वी लिंगाच्या काळ्या गुळगुळीत अंगावर खिडकीचा उजेड चमकायचा, तो त्या शोधत होत्या. रोज सकाळी तो चमकतो का बघायचं, आणि सापडेपर्यंत उठायचं नाही. म्हणून पूजा लांबली. आणि सगळं गाव पाया पडतंय!

लक्ष्मम्मा गेल्यावर मी विचारलं. आधी रागावल्या. मग म्हणाल्या, "मल्लूला कळवायचं न्हाय. कळलं तर धावत यील, आन् वाटंतच धरतील त्याला. माझ्या डोळ्यांपायी लेकरू तुरुंगात जाया नको." मला लिंगाच्या साक्षीनं शब्द द्यायला लावला. तेव्हापासून मी ती तुमच्या पुस्तकातली वाक्यं पाठवत होते, की तुम्ही हुशार, ओळखाल.

शेजारपाजारी बारशाला जातो असं सांगून त्यांना बैलगाडीनं उमरग्याच्या डॉक्टरांकडं नेऊन आणलं. मोतीबिंदू असता तर काढला असता, म्हणाले. आतली नस सुकते आहे, इलाज नाही. कडेनं अंधार येत येत मधल्या उजेडापर्यंत पोचेल. मी विचारलं किती दिवसांत, तर म्हणाले, सांगता येत नाही, हळूहळू. हळूहळू हा शब्द मला कुणी पुन्हा ऐकवू नये. माणूस एकदम पडला तर धावाधाव तरी करता येते. हे म्हणजे रोज थोडं थोडं, आणि आपण समोर बसून बघायचं.

आणि एक गोष्ट. तुम्ही मनात धरून बसला आहात ते मला माहीत आहे. मागच्या गणपतीच्या आधी, तुमच्या त्या निजामाविरुद्धच्या पत्रकांपायी, पोलीस अमीनसाहेबांची माणसं तुम्हाला न्यायला पुढच्या दारात आली, आणि तुम्ही परसात आईचे पाय धरून, "अव्वा, तुला टाकून कसा जाऊ," करत बसला होता. तेव्हा त्या ओरडल्या, "चालता हो, परत तोंड दावू नगंस मला." तुम्ही ताडकन उठलात आणि भिंत ओलांडून गेलात. अहो, त्याशिवाय तुमचा पाय निघाला असता का? त्या बोलण्यानं तुम्हाला भिंतीपलीकडं ढकललं. शिपाई घर उलथंपालथं करून गेल्यावर त्या चुलीपुढं बसल्या आणि पदर तोंडात कोंबून रडल्या. मी बघितलंय.

आता मी काय लिहू? या म्हणू, तर तुमच्या नावाचं वॉरंट आहे. येऊ नका म्हणू, तर त्यांना तुमचं तोंड बघायला मिळणार नाही. मी दिवसभर हे दोन्ही शब्द तोंडात घोळवत आडापासून उंबऱ्यापर्यंत फिरते. तुम्हीच ठरवा, पण माहीत असून ठरवा.

रुद्रम्मा


मुरुम,
आषाढ, जुलै १९४८

हीही चिठ्ठी वाचून दाखवणार नाही. धुळाप्पा मधे एक खेप गेलाच नाही. नंतर गेला, तर परतताना रझाकारांनी त्याला नळदुर्गच्या अलीकडं अडवलं, उरलेल्या घोंगड्या काढून घेतल्या, वर मारलं. तरी तुमचं उत्तर त्यानं मुंडाशात जपून आणलं. इतकं जपून आणलेलं ते उत्तर वाचून मला वाटलं, तेही रझाकारांनी नेलं असतं तर बरं झालं असतं.

'अव्वानं तोंड दाखवू नको म्हटलं आहे. तिनं स्वतः बोलावल्याशिवाय मी उंबरा चढणार नाही.' वा! वॉरंट आहे म्हणून येत नाही असं लिहिलं असतं तर मी तुमच्या नावानं बेल वाहिला असता. पण रुसून? आई लपवते कारण मुलानं येऊ नये, आणि मुलगा येत नाही कारण आई बोलावत नाही. दोघंही एका मुशीतले, आणि मधे मी धुमसते आहे. खरं सांगते, मला तुमचा राग आला आहे. नुसता रुसवा नाही, राग.

आणि वर एब या शब्दाचा अर्थ समजावून सांगितलात. समुद्राचं पाणी मागं जातं, मग पुन्हा येतं. मी समुद्र बघितलेला नाही. आपली बेनीतुरा नदी बघितली आहे, तिचं पाणी एकदा गेलं की पुढच्या पावसापर्यंत वाळू. पण मी त्या पानावर बसून एक काम केलं. कुठल्या शब्दातलं कमी झालेलं परत येतं, ते निवडलं. वेन परत येतो, चंद्र आहे तो. एब परत येतो. सबसाइड आणि अबेट झाले तर चांगलंच, सूज उतरते, ताप उतरतो, वादळ निवतं. ड्विंडल परत येत नाही. फेड झालेला रंग परत येत नाही. आत्याबाईंचं कुठल्या शब्दातलं, ते तुम्ही आता ओळखा.

त्या आता मला लुगड्याच्या रंगावरून ओळखत नाहीत, बांगड्यांवरून ओळखतात. परवा म्हणाल्या, "आज आभाळ लई भरलंय, न्हाय?" बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. मी म्हटलं, "व्हय आत्याबाई, भरलंय." नंतर आडावर जाऊन पाणी शेंदत राहिले. घागरी सगळ्या भरल्या होत्या, तरी शेंदत राहिले.

बायकांचं पायाला लागणं चालूच आहे. त्यांना आता तो त्रास होतो. म्हणतात, "रुद्रे, ह्यांना सांग, मला काय बी घावलेलं न्हाय." सांगितलं तर बायका म्हणतात, बघा, केवढी नम्रता.

शाबासकी नको, तांबडी शाई नको. उत्तरही नको असलं तर.

रुद्रम्मा


मुरुम,
भाद्रपद, २२ सप्टेंबर १९४८

हिंदुस्थानची फौज नळदुर्गवरून पुढं गेली. नाका उठला. शिपाई कुठं गेले कुणाला माहीत नाही, नाक्याच्या खोलीत कुणीतरी शेळी बांधली आहे. गावात मिठाई वाटली. तरी सगळं निवलं आहे असं नाही. काल ज्यांना भीत होतो ती माणसं आज दारं लावून बसली आहेत, त्यांच्या घरातल्या बायका माझ्याच वयाच्या आहेत. अबेट हा शब्द लिहायचा होता, अजून लिहवत नाही.

आत्याबाईंनी आज सकाळी पूजा आटोपल्यावर विचारलं, "नाका उठला म्हणं?"

"व्हय."

"मग मल्लूचं वॉरंट?"

"आता कोण धरतंय त्यास्नी?"

"मग चिठ्ठी काय मी धाडू? तुलाच लिवाया येतंय न्हवं?"

हे तुमचं बोलावणं. यापेक्षा गोड बोलावणं त्यांच्याकडून मिळणार नाही, तेव्हा मान तुकवून या.

पुढचं त्यांनी सांगितलेलं, शब्दाला शब्द: "दुपारच्याला ये म्हणावं, ऊन डोक्यावर असताना. सांजच्याला नको. पांढरा सदरा घालून ये म्हणावं. उंबऱ्यात अंधार असतो, तितं उभा राहू नगंस, आडापाशी उन्हात उभा ऱ्हा. आन् आल्या आल्या बडबड करू नगंस. गप उभा ऱ्हा जरा."

कशाला, असं मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. आम्ही दोघी मिळून अंगणातला शेवग्याचा झुकलेला फाटा तोडून घेतला, सावली पडते म्हणून.

आता व्याकरण, रुसवा, पत्रकं, सगळं मावशीच्या माळ्यावर टाका आणि निघा. उद्याच. आज कागद पोचला तर आजच. मला रोज सकाळी त्यांच्या तोंडाकडं बघायची भीती वाटते.

वाट बघते,
रुद्रम्मा


मुरुम,
दसरा झाल्यावर, ऑक्टोबर १९४८

सामान आवरायला म्हणून तुम्ही सोलापूरला गेलात आणि घर पुन्हा मोठं झालं. दिवाळीच्या आत परत येणार म्हणालात, त्याला धरून आहे.

तुम्ही होता तेव्हा मी बोलले नाही, कारण तुम्ही नीट झोपतसुद्धा नव्हता. आता लिहिते. त्या दुपारी तुम्ही सांगितल्याप्रमाणं आडापाशी उभे राहिलात. पांढरा सदरा. एक शब्द बोलला नाहीत. मी आत्याबाईंना पायरीवर आणून बसवलं. त्यांनी तुमच्याकडं इतका वेळ बघितलं की लक्ष्मम्मा कुंपणापलीकडून हात जोडून उभ्या राहिल्या. मग आत्याबाई म्हणाल्या, "किती वाळलास रे मल्लू!"

या घरात इतक्या वर्षांत वाळणं हा शब्द मी ऐकला नव्हता. आणि तुम्ही? मावशीच्या हातचं वर्षभर खाऊन, बसून पत्रकं लिहून असे सुटला आहात की सदऱ्याचं खालचं बटण लागत नव्हतं. मी तुमच्याकडं बघितलं, तुम्ही माझ्याकडं. तुम्ही म्हणालात, "व्हय अव्वा, खाण्यापिण्याची आबाळ झाली." आणि पाया पडायच्या निमित्तानं त्यांच्या पायावर डोकं टेकून ते वर काढेनात. तुमची पाठ हलत होती. त्या पाठीवरून त्या हात फिरवत राहिल्या.

तेव्हा तुम्हाला वाटलं असेल, आईला कळलं नाही, मी सांभाळून घेतलं. तुम्ही मला आडावर तसंच म्हणालात. 'उशीर केला मी, पण तिला समाधान तरी मिळालं.'

काल मी त्यांच्या डोक्याला तेल लावत होते. आपणच म्हणाल्या, "मल्लू लई भरलाय न्हाय अंगानं?"

माझा हात थांबला. "तुमास्नी कसं कळलं?"

"पाठीवरनं हात फिरवला की. पन्हाळ हुती त्या पाठीला, आता गादी झालीया."

"मग वाळलास का म्हणालात?"

"उगी. आईला लेकरू दिसलं की आई असंच म्हणती. म्हटलं, हे म्हटलं की त्याला वाटंल, दिसतंय म्हातारीला."

मला हसू आलं आणि रडूही, तेलाची वाटी कलंडली. वाटी कलंडली तरी त्या रागावल्या नाहीत. मी विचारलं, "खरं सांगा, काय दिसलं?"

त्यांनी कलंडलेली वाटी चाचपून सरळ केली. मग म्हणाल्या, "आडाच्या अलीकडं पांढरं कायतरी उभं हुतं. वाऱ्यानं जरा हललं. तोंड न्हाय दिसलं गं. पण उभं ऱ्हायाची ढब त्याच्या बाची हुती. तेवढं दिसलं. बास झालं मला तेवढं."

म्हणजे तुम्ही अगदीच उशीर केला नाहीत. एवढं तुम्हाला कळावं म्हणून ही चिठ्ठी. नाहीतर तुम्ही तिथं माळ्यावर बसून स्वतःला खात राहाल, आणि परत याल तेव्हा खरोखरच वाळलेले असाल.

आज सकाळी त्यांनी लिंग हातात घेतलं, विभूती लावली, फूल चाचपून वाहिलं आणि लगेच उठल्या. लक्ष्मम्मा नुकत्याच बसत होत्या. त्यांना म्हणाल्या, "माझ्या पायाला लागू नका आता. मला दिसत न्हाय, म्हणून बसत हुते मी." लक्ष्मम्मांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मग मला हाक मारली.

"रुद्रे, कागद घे. मल्लूला लिव. तुझ्या अव्वाला दिसायचं लई कमी झालंय, आता जवळजवळ न्हायच दिसत. बिगीनं ये. असं लिव."

कमी म्हणाल्या. स्वतःच्या तोंडानं. मी टाक हातात घेऊन तशीच बसले.

"बसलीस काय? लिव की."

"लिवते. पर तुमी तर कळवायचं न्हाय म्हणाला हुतात."

"म्या म्हणाले, आन् तू ऐकलंस व्हय? ते इंग्रजी वाचताना तुझा आवाज कसा व्हायचा, ते मला ऐकू येत न्हवतं व्हय? माझ्या डोळ्यांचंच असायचं ते. आता सरळ आपल्या भाषेत लिव. इंग्रजीतलं त्याला कळत न्हाय."

लिहिलं. वाचून दाखवलं. यातली एकही ओळ गाळलेली नाही.

रुद्रम्मा